वन्संच्या खात्यावरचे पैसे

माझ्या नणंदेला घाबरलेलं मी पहिल्यांदा पाहिलं ते एका सरकारी पाकिटापायी. तोवर ही बाई कुणाला घाबरत असेल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. घरमालक भाडं वाढवायला आला की त्याला दारातच उभं करून गळक्या नळाची चौकशी करणारी ही बाई. कारखान्याचा मुकादम बटणं कमी घेऊन आला तर त्याला म्हणायची, "मोजायला येत नसेल तर शिकवते, फी नाही घेणार." नाकावर माशी बसू द्यायची नाही. माझं लग्न ठरलं तेव्हा सासू नाही म्हणून मी मनातल्या मनात खूश होते. आई म्हणाली, "फार हुरळू नकोस, नणंद आहे." आईचं म्हणणं मला पहिल्याच आठवड्यात पटलं.

मी त्यांना वन्सं म्हणते. माझ्या नवऱ्याच्या थोरल्या बहीण. त्यांचे यजमान लवकर गेले, तेव्हा एक ट्रंक आणि दोन कात्र्या घेऊन त्या भावाकडे आल्या त्या आल्याच. आमच्या दोन खोल्या. मागच्या खोलीत स्वयंपाक, आम्ही दोघं आणि आमचा सगळा संसार. पुढच्या खोलीत वन्सं, त्यांचं लांबलचक टेबल आणि शर्टांचे गठ्ठे. कारखान्यातून शिवलेले शर्ट यायचे. त्यांना बटणं लावायची, लोंबणारे दोरे कापायचे, घड्या घालून परत पाठवायचं. दुपारची जेवणं आटोपली की गल्लीतल्या सात-आठ बायका यायच्या आणि टेबलाभोवती कोंडाळं करून बसायच्या. बोलणं चालू, सुया चालू. मला माझ्याच घरात चहा प्यायला कोपरा शोधावा लागायचा.

त्यांच्या हिशेबाची तऱ्हा मला आधी हास्यास्पद वाटायची. भिंतीवर खिळ्यांची एक रांग होती आणि प्रत्येक खिळ्याला एक जाड दोरा. प्रत्येकीचा आपला दोरा. एक डझन शर्ट पुरे झाले की तिनं डब्यातलं एक बटण आपल्या दोऱ्यात ओवायचं, सगळ्यांच्या देखत. शनिवारी वन्सं दोरे उतरवायच्या, बटणं मोजायच्या, तेवढे पैसे तिच्या हातावर ठेवायच्या आणि बटणं परत डब्यात ओतायच्या. "झालं मोकळं," म्हणायच्या. वही का नाही, असं मी एकदा विचारलं. त्यांनी सांगितलं, ज्यांना वाचता येत नाही त्यांचा वहीवर विश्वास नसतो आणि ज्यांना वाचता येतं त्यांच्यावर बाकीच्यांचा नसतो. दोरा सगळ्यांना दिसतो. इतक्या वर्षांत पैशावरून एकदाही वाजलं नाही, हे मलाही मान्य करावं लागतं.

पूर्वी मुकादम रोख रक्कम आणायचा. मग कारखान्यानं फर्मान काढलं की यापुढे पैसे बँकेतूनच मिळतील, आणि एका गटाचे पैसे एकाच खात्यावर येतील. बायकांपैकी काहींची खाती नव्हती. काहींची होती, पण त्यांचे फोन आणि कार्ड नवऱ्याच्या खिशात. वन्संनी आपल्या खात्याचा नंबर देऊन टाकला. दर शुक्रवारी सगळ्यांचे पैसे त्यांच्या खात्यावर जमा व्हायचे, शनिवारी सकाळी त्या बँकेतून काढून आणायच्या आणि वाटायच्या. स्वतःला ठेवायच्या ते फक्त स्वतःच्या दोऱ्यापुरते. "एवढी पायपीट करता, काहीतरी कापून घ्या की," मी म्हटलं होतं. त्यावर, "माझं खातं काय झिजतंय का गं?" असं म्हणून त्यांनी मला गप्प केलं.

वन्संना एकाच गोष्टीची हौस होती, स्वतःच्या खोलीची. गल्लीच्या टोकाला एका निवृत्त शिक्षिकेच्या घरावर गच्चीला लागून एक खोली होती. दोन खिडक्या आणि स्वतंत्र जिना. शिक्षिकाबाईंना भाडेकरू बाईमाणूसच हवी होती, पण अनामत रक्कम जरा जास्त होती. वन्संनी ती पै पै करून जमवत आणली होती आणि दोन महिन्यांत राहायला जायचं ठरलं होतं. मी खोटं कशाला बोलू, त्या खोलीची माझ्याइतकी वाट वन्संनीसुद्धा पाहिली नसेल. पुढच्या खोलीत कुठला पडदा लावायचा इथपर्यंत माझं ठरलं होतं.

आणि तेव्हाच ते पाकीट आलं. पोस्टमननं सही मागितली, वन्संनी ऐटीत केली. माझे यजमान कामावरून आल्यावर त्यांनी ते वाचलं, मग खुर्चीवर बसून पुन्हा वाचलं. आयकर खात्याची नोटीस होती. गेल्या काही वर्षांत तुमच्या खात्यावर एवढी एवढी रक्कम जमा झाली, तुम्ही कधी विवरण भरलं नाही, तेव्हा हे तुमचं उत्पन्न धरून त्यावरचा कर, व्याज आणि दंड भरा. खाली आकडा. आमच्या दोन खोल्यांचं चार वर्षांचं भाडं त्या आकड्यात सहज मावलं असतं.

"माझ्या नावाची दुसरी कोणी असेल," वन्सं म्हणाल्या.

"ताई, खात्याचा नंबर तुझाच आहे," हे हळू आवाजात म्हणाले.

वन्संनी पाकीट हातात घेतलं आणि उलटसुलट करून पाहिलं. त्यांना सरकारी भाषा वाचता येत नव्हती, पण आकडा वाचता येत होता. तो वाचल्यावर त्या टेबलाला धरून उभ्या राहिल्या. त्यांच्या ओठांचा रंग गेलेला मला दिसला.

पुढचे दिवस आमच्या घरात कुणी नीट जेवलं नाही. वन्संनी ती नोटीस पिठाच्या डब्यात लपवली. कुणापासून ते त्यांनाच ठाऊक. मी पीठ काढायला गेले तर आधी सरकारी शिक्का हाताला लागला. दारावरची बेल वाजली की त्या मागच्या खोलीत जायच्या आणि मला बाहेर पाठवायच्या. गॅसवाला आला तरी तेच. बायका कामाला बसल्या की त्यांच्यात बसायच्या, पण सुईत दोरा ओवता यायचा नाही. एकदा मी भांडी घासत होते, तर शेजारी येऊन उभ्या राहिल्या आणि विचारलं, "वहिनी, तुरुंगात बायकांना वेगळं ठेवतात ना गं?"

मी हसून उडवून लावायला गेले आणि मला हसूच येईना. कारण मलाही ठाऊक नव्हतं. तुरुंगात टाकतात की घरातलं सामान उचलून नेतात, की माझ्या नवऱ्याच्या पगाराला हात घालतात, यातलं काहीच आम्हाला ठाऊक नव्हतं. जे ठाऊक नव्हतं ते सगळं खरं वाटायचं. मी तर कपाटातली माझी चांगली भांडी माहेरी नेऊन ठेवावीत का, इथपर्यंत विचार करून बसले होते.

शेवटी ह्यांच्या ओळखीनं आम्ही एका कर सल्लागाराकडे गेलो. झेरॉक्सच्या दुकानावर अरुंद जिना चढून एक खोली, खोलीत फायलींचे ढीग आणि ढिगांमागे तो. दमलेला पण मनानं बरा माणूस. त्यानं नोटीस वाचली आणि बाहेर जाऊन हात पुसून आला, कारण कागदाला अजून पीठ होतं.

"मावशी, हे पैसे सगळे तुमचे?"

"छे हो. माझ्याखेरीज आठ जणींचे आहेत. माझा वाटा फक्त माझ्या बटणांचा."

"कुणाला किती दिले त्याची काही नोंद?"

वन्संनी त्याला दोऱ्यांचं सांगितलं. तो ऐकत राहिला आणि त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू काळजी दिसायला लागली. "म्हणजे दर शनिवारी तुम्ही पुरावा स्वतःच्या हातानं डब्यात ओतत होता," तो म्हणाला. आयुष्यभर ज्या गोष्टीचा वन्संना अभिमान वाटला, तिनंच घात केला होता. त्या मान खाली घालून बसल्या.

मग त्यानं नीट समजावलं. प्रत्येक बाईनं लिहून द्यायचं की या खात्यातून मला एवढे पैसे मिळाले, सोबत ओळखपत्राची प्रत. एकेकीचा वाटा इतका लहान आहे की तिला एक पैसाही कर बसणार नाही. मावशींच्या नावावर फक्त त्यांचा वाटा उरला तर त्यांनाही शून्य. हे महिन्याच्या आत साहेबांपुढे ठेवलं नाही, तर मात्र खातं गोठवतील आणि वसुली सुरू होईल. "सह्या आणा, मी बाकीचं बघतो," तो म्हणाला.

जिना उतरताना मला हलकं वाटत होतं. एवढंच ना, सह्या. पण वन्सं शेवटच्या पायरीवर थांबल्या.

"मी सह्या नाही मागणार," त्या म्हणाल्या.

माझं टाळकं सरकलं. भर रस्त्यात मी त्यांच्याशी भांडले. चांगुलपणाची ही कसली खाज म्हणून विचारलं. घराजवळ आल्यावर त्यांनी मला चष्मेवालीचं सांगितलं.

चष्मेवाली म्हणजे आमच्या टेबलावरची सगळ्यात झटपट हाताची बाई. जाड भिंगांचा चष्मा, बोलणं कमी. तिचा दोरा दर शनिवारी सगळ्यात भरलेला. ती आमच्याकडे येते हे तिच्या नवऱ्याला ठाऊक होतं, पण वन्संना शिवणात मदत करायला फुकट येते, एवढंच. तो माणूस घरातलं मीठसुद्धा मोजून ठेवायचा. हिनं एकदा न विचारता चपला घेतल्या, तर पावती भिंतीला चिकटवून महिनाभर रोज तिला मोठ्यानं वाचायला लावली. हातही उचलायचा. तिचे पैसे वन्सं इतरांसारखे तिच्या हातात देतच नव्हत्या. थेट तिच्या मुलीच्या शाळेत नेऊन भरायच्या. मुलीला दुसऱ्या गावी परिचारिकेच्या शिक्षणाला पाठवायचं आईनं ठरवलं होतं.

"तिनं कागदावर सही केली आणि तो कागद त्याच्या हातात पडला तर?" वन्सं म्हणाल्या. "मी तिला शब्द दिलाय की तिचं नाव माझ्या तोंडून जाणार नाही."

"मग बाकीच्यांच्या तरी आणा."

"बाकीच्यांच्या आणल्या की हिची का नाही, हे प्रत्येकजण विचारणार."

मी दोन आठवडे वाट पाहिली. वन्सं दिवसेंदिवस सुकत चालल्या होत्या आणि महिना संपत आला होता. मग एका दुपारी त्या बँकेत गेल्या असताना मी चहाचे कप टेबलावर ठेवले आणि बायकांना सगळं सांगून टाकलं. चष्मेवालीचं सोडून. कुणीतरी विचारलं, "आमच्या घरी पण येईल का असं पाकीट?" मी नाही म्हटलं, पण माझा आवाज मलाच खोटा वाटला. चष्मेवालीनं हातातला शर्ट पुरा केला, घडी घातली आणि निघून गेली.

दुसऱ्या दिवशी कुणीच आलं नाही. टेबल रिकामं, गठ्ठे तसेच. वन्सं खुर्चीवर बसून दाराकडे बघत होत्या. माझ्यावर ओरडतील म्हणून मी तयार होते, पण त्या ओरडल्या नाहीत, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली. पाय दुखेपर्यंत मी घरात येरझारा घातल्या. वाटलं, मी हे काय करून बसले, कराचं राहिलं बाजूला, वन्संची माणसंच तोडली.

तिसऱ्या दिवशी जिनेवाली आली. आमच्या टेबलावरचीच, शेजारच्या इमारतीत जिन्याखालच्या खोलीत राहणारी म्हातारी, तोंडाचा पट्टा अखंड चालू. आल्या आल्या तिनं ओळखपत्र टेबलावर आपटलं. "कुठं अंगठा लावायचा सांगा. तुरुंगात टाकलं तर टाकलं, तिथं छत तरी गळत नसेल." वन्सं तिच्याकडे बघून रडायला लागल्या. जिनेवाली म्हणाली, "रडू नका ताई, अंगठ्याची शाई पसरेल." मग ती स्वतःच बाकीच्यांच्या दारोदार गेली. कुणी नवऱ्याला विचारून आली, कुणी न विचारता. एकीनं तीनदा वाचायला लावलं आणि मगच सही केली. आठवडा संपायच्या आत सगळ्यांचे कागद जमले. चष्मेवालीचा सोडून.

तिचा निरोप जिनेवालीनंच आणला. "माझं नाव घेऊ नका म्हणाली. दुसरं काही बोलली नाही. दार अर्धंच उघडलं होतं तिनं."

"नाही घेणार म्हणून सांग," वन्सं म्हणाल्या.

सल्लागारानं कागद लावले, उरलेली रक्कम 'इतर' म्हणून दाखवली. म्हणाला, विचारलं नाही तर उत्तम. विचारलं तर नाव द्या. नाहीतर तेवढी रक्कम तुमच्या वाट्यात धरतील आणि तुम्ही करमाफीच्या मर्यादेच्या वर जाल. मग कर आणि दंड चुकणार नाही. सगळ्या आकड्यापुढे तो लहान असेल, पण तुमच्यासाठी लहान नाही. किती, ते त्यानं कागदाच्या कोपऱ्यात लिहून दाखवलं. खोलीच्या अनामत रकमेपेक्षा ते थोडं जास्तच होतं.

कार्यालयात आम्हाला सकाळी बोलावलं होतं. लांब बोळ, भिंतीला लागून लाकडी बाक, प्रत्येक बाकावर आमच्यासारखीच माणसं पिशव्या छातीशी धरून बसलेली. वन्संनी माझा हात धरला होता. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. तळहात थंड आणि ओला. आत एक तरुण बाई साहेब होत्या, सर्दीनं नाक लाल झालेलं. मला वाटलं होतं ओरडतील. त्या मुळीच ओरडल्या नाहीत. प्रत्येक कागद वाचला, सही पाहिली, ओळखपत्राशी ताडून बाजूला ठेवला. सातही कागद मान्य केले. माझा श्वास मोकळा होत होता.

मग त्यांनी पेन एका ओळीवर टेकवलं. "हे उरलेले कुणाचे? रक्कम बरीच आहे."

सल्लागारानं वन्संकडे पाहिलं.

"आणखी एक बाई होती का?" साहेबांनी विचारलं. आवाजात राग नव्हता. "असेल तर नाव-पत्ता द्या. आम्ही तिच्या घरी पत्र पाठवून विचारून घेऊ. तिनं हो म्हटलं की तुमचं प्रकरण इथंच संपेल. तुम्हाला काही भरावं लागणार नाही."

तिच्या घरी पत्र. सही मागणारा पोस्टमन, आणि दार कोण उघडेल ते ठाऊक नाही. माझ्या डोळ्यांपुढे ती गच्चीची खोली आली, माझा पडदा आला, आणि खरं सांगते, मी तोंड उघडलं. नाव माझ्या जिभेवर होतं. वन्संनी टेबलाखाली माझा हात इतका दाबला की माझी बांगडी मनगटात रुतली.

"माझेच आहेत ते," त्या म्हणाल्या.

"नक्की? मग कर लागेल."

"हो. माझेच. जास्तीचं काम मीच करत होते." त्या इतक्या घाबरलेल्या होत्या की सही करताना पेन दोनदा हातातून सुटलं. साहेबांनी ते उचलून परत त्यांच्या हातात दिलं, क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं आणि मग शिक्का मारला.

अनामत रक्कम करात गेली. वर थोडे बाकी राहिले, ते हप्त्यानं चालू आहेत. शिक्षिकाबाईंनी महिनाभर वाट पाहून खोली दुसऱ्या कुणाला दिली. वन्सं आमच्या पुढच्या खोलीतच आहेत, आणि अजूनही बेल वाजली की दचकतात. आता सगळ्या बायकांची आपापली खाती आहेत आणि कारखान्यालाही पैसे तिथंच टाकायला लावलंय. चष्मेवाली त्या दुपारनंतर टेबलावर आली नाही. मी तिच्यावर मनातून धुसफुसत होते. त्यानंतर एक शब्द नाही, एक निरोप नाही. आपल्यासाठी कुणी काय भरलं याची बाईला चौकशीसुद्धा नसावी.

परवा वन्सं आणि मी बाजारात गेलो होतो. समोरून चष्मेवाली आली. तिनं आम्हाला पाहिलं, चांगलं पाहिलं, आणि मान वळवून सरळ पुढे चालत राहिली, जणू आम्ही विजेचे खांब. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"बघा," मी म्हटलं. "हिच्यापायी तुमची खोली गेली आणि बाईसाहेब ओळखसुद्धा दाखवत नाहीत. थांबा, मीच हाक मारते."

वन्संनी माझा दंड धरून मला भाजीच्या गाडीकडे वळवलं. "गप्प," त्या दबक्या आवाजात म्हणाल्या. "तिचा नवरा मागे आहे."

मी हळूच मागे पाहिलं. चार पावलांवर कडक इस्त्रीतला एक माणूस पिशवी घेऊन येत होता आणि चालता चालता हातातली पावती तपासत होता. तो आमच्या अगदी जवळून गेला. वन्संनी त्याच्याकडे पाठ केली, एक टोमॅटो उचलला आणि भाजीवाल्याला भाव विचारला. तो कोपऱ्यावरून वळेपर्यंत त्यांनी माझा दंड सोडला नाही.